उंबऱ्याशी थांबणारा गाडा

माझी पोरगी दीड वर्षाची झाली तरी चालत नव्हती आणि त्याचं खापर मी सासूबाईंवर फोडायचे. तोंडावर नाही, मनातल्या मनात. त्या दुष्काळात बजाजनगरातलं आमचं दोन खोल्यांचं घर पिंपं, कळश्या आणि बादल्यांनी भरून गेलं होतं. मागच्या शेतांचे प्लॉट पडत होते, कुठं ना कुठं नवा बोअर घेतल्याची धडधड चालू असायची आणि आमच्या नळातून नुसती हवा यायची. पाणी टँकरचं, साठवायचं अंगणातल्या हौदात. पोर त्यात पडेल या धाकानं सासूबाई तिला कडेवरून खालीच सोडत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, पायात काही दोष नाही, हिला जमिनीवर सोडा. सोडा म्हणे. सोडायला जागा नको का?

वाळूजच्या एका कारखान्यात मी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचे. म्हटलं, पांगुळगाडा आपणच करू. सुताराकडून सांगाडा करून घेतला आणि चाकांना भंगारातली बेअरिंगं बसवली. आमच्या धंद्यात जे सहज फिरतं ते चांगलं. बोट लावलं तरी गाडा पळायचा आणि मला त्याचं लई कौतुक. पोरीनं दांडा धरला, एक पाऊल टाकलं आणि गाडा गुळगुळीत फरशीवरून तिच्या हातातून निसटून पुढं गेला. ती हनुवटीवर आपटली. त्यानंतर तिला उभी करायला गेलं की पाय पोटाशी ओढून घ्यायची.

"शिकल्यालीचा गाडा," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या आधी ह्योच पळाया लागला."

असा संताप आला म्हणून सांगू. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आला. बेअरिंगं उपटून काढली. चाकांवर सुतळी घट्ट गुंडाळली, खाली वाळूची पिशवी बांधली आणि दांडा पोरीच्या छातीशी येईल असा बसवला. आता ढकलल्याशिवाय गाडा हलायचा नाही आणि ती रेलली तरी उलटायचा नाही. पुढचं चाक मुद्दाम लहान ठेवलं. घरभर फिरावं, पण उंबरा चढू नये, कारण उंबऱ्यापलीकडं हौद होता. गाडा उंबऱ्यावर दाणदाण आपटून मी सासूबाईंना दाखवला.

"व्हय, नाय चढत," त्या म्हणाल्या आणि पोरीला खाली ठेवलं.

ती चालायला लागली, पण गाड्याला चिकटून. एक हात सुटला तरी मटकन खाली बसायची. डॉक्टर म्हणत वाट बघा, आणि वाट बघणं माझ्या स्वभावातच नाही. ही जन्मभर असंच काहीतरी धरून चालणार का, या विचारानं जेवण जात नव्हतं.

एका दुपारी टँकर आला. गल्लीत नेहमीसारखी भांडणं. आमचा हौद भरला, पाइप पुढच्या घराकडं ओढला गेला आणि मी उरलेली पिंपं भरून घ्यायला रस्त्यावर धावले. सासूबाईही कळशी घेऊन मागोमाग आल्या. दार उघडंच होतं. गाडा उंबऱ्याला अडतो हे आम्हा दोघींना पाठ होतं.

हौदावर झाकण टाकायला मी परत आले तर गाडा उंबऱ्याला टेकून उभा. रिकामा.

हाक मारायचंही सुचलं नाही. हौदाशी पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पाणी गढूळ, काही दिसेना. बोटांना काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं तर पाइपाच्या तोंडाला बांधतात ते फडकं. सासूबाई फाटकातून आत आल्या, माझा हात पाण्यात बघितला आणि त्यांची कळशी खाली पडली. तेवढं पाणी सांडलं, पण दोघींपैकी कुणी तिकडं पाहिलं नाही. मी पुन्हा हात घातला.

"अगं, ती बघ."

फाटकाच्या पत्र्याआड पोरगी उभी होती. पाइपातून सांडलेल्या पाण्यात पाय, आणि हातात काही नाही. कशाला धरलेलंही नाही. तिथवर ती कशी गेली ते कुणीच पाहिलं नव्हतं.

मी झाकण ओढलं आणि त्यावरच बसले.

"उचल की तिला," सासूबाई म्हणाल्या. त्या स्वतः भिंतीला धरून खाली बसल्या होत्या.

उचलायचं होतं हो मला. पण उठताच येईना. पोरीनं आमच्याकडं पाहिलं आणि ओल्या पायांनी, हात पसरून, डुलत डुलत अंगण ओलांडून माझ्यापाशी आली. कडेवर घे म्हणून हात वर केले. मला उठवेना, तशी ती माझ्यासमोर उभी राहून वाट बघत राहिली.