चंपाषष्ठीचं भरीत आणि आमची कुत्री

भाजलेल्या वांग्यावर कांद्याची पात चिरून घातली की जो वास सुटतो, त्यानं मला मळमळतं. दोन वर्षं घरात सांगत होतो, पित्त होतं म्हणून. पित्तबित्त काही नव्हतं.

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात बंद असलेला कांदा चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतो. त्यातला घास कुत्र्याला, कारण कुत्रा देवाचा. तळी भरतात अंबरनाथला, थोरल्या भावाकडे. एरवी दादा गल्लीतलं कुत्रं शोधत फिरायचा. एका वर्षी म्हणाला, "तुमची घेऊन ये की बदलापूरहून. घरचं असताना रस्त्यावरचं कशाला?"

कुत्री लेकीची. नोकरीला पुण्याला जाताना ती बजावून गेली होती, "बाबा, सणाचं काहीही देऊ नका हं. कांदा तर अजिबात नाही, विष असतं ते त्यांना." म्हणजे मला पक्कं माहीत होतं. तरी दादानं भरिताचं ताट कुत्रीपुढे ठेवलं तेव्हा मी ब्र काढला नाही. मग तळीला आलेल्या प्रत्येकानं तिला भंडारा लावून एकेक घास भरवला.

"माझं नव्हतं केलं कुणी एवढं कौतुक, लग्न होऊन आले तेव्हा!" वहिनी म्हणाली. सगळे हसले. मीही दात काढले.

दुसऱ्या दिवशी घरी कुत्री गॅलरीभर ओकली. बायको उठायच्या आत मी नाकाला रुमाल बांधून ते सगळं पुसलं, फडकं पिशवीत घालून लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो. काय नीट काम केलं! तिसऱ्या दिवशी ती उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी.

दादा रिक्षा घेऊन धावत आला. दवाखान्यात तिचं डोकं त्यानंच धरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "कांदाबिंदा खाल्लाय का हिनं?"

हो म्हणावं, तर देवाचा नैवेद्य विष ठरणार, आणि तोही दादाच्या हातचा. "नाही," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग त्यांनी गोचिडांचा ताप धरून औषध सुरू केलं. दोन दिवस तिला नको ती इंजेक्शनं टोचली जात होती आणि मी तिचा पाय धरून उभा होतो.

तिसऱ्या सकाळी जिन्यात जाऊन डॉक्टरांना फोन केला. भरिताचं सांगितलं. "अहो, दोनदा विचारलं होतं मी. आत्ता आणा, रक्त चढवावं लागेल."

रिक्षा येईपर्यंत ती गेली. लेकीला मी गोचिडांचा ताप सांगितला.

गेल्या चंपाषष्ठीला दादानं गल्लीतल्या एका कुत्र्याला यूऽ यूऽ करून बोलावलं. ताट ठेवायला तो वाकला आणि मी त्याचा हात धरला. तळीच्या माणसांसमोर सगळं सांगून टाकलं.

"तेव्हा तोंड शिवलं होतं का रे तुझं?" दादा म्हणाला.

"हो."

वहिनीनं त्याच्या हातातून ताट घेतलं, भरीत काढलं आणि दुसऱ्या थाळीत नुसता रोडगा दुधात कुस्करून कुत्र्याला घातला. दादा न जेवता रिक्षा घेऊन निघून गेला.

त्याच दुपारी लेकीला फोन केला. ऐकून घेऊन तिनं एवढंच विचारलं, "डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं?"

हो म्हणालो.

तेव्हापासून ती फोन आईलाच करते.