मधल्या खोलीतला खोकला

“फुकू नका म्हटलं ना. ओढा.”

“ओढूनच राहिलो.”

“ओढून राहिले असते तं चेंडू वर नसता गेला? थे पाहा, तिन्हीच्या तिन्ही तळाशी बसून हायेत. जनम सारा शिट्टी फुकली, आता तोंडाले ओढनं ठाऊकच नाही.”

नत्थुजींनी तोंडातली नळी काढली आणि तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र पलंगावर आपटलं. आपटलं म्हणजे आपटायला गेले. छातीचं हाड तारेने शिवलेलं, जोर लावायची बंदी, त्यामुळे यंत्र गादीवर नुसतंच लवंडलं.

“छाती फाडून... आनली माही,” ते म्हणाले. दर दोन शब्दांनी थांबत होते. “अन् तुले... मास्तरकी... सुचते.”

“आई, थकले असतील ते,” किशोर दारातूनच म्हणाला. त्याला ट्रॅक्टरच्या शोरूमवर जायचं होतं आणि बूट घालून झाले होते. “संध्याकाळी करतील ना.”

“संध्याकाळी संध्याकाळचं. हे सकाळचं.” कौशल्याने यंत्र उचललं, नळीचं टोक पुसलं आणि पुन्हा नवऱ्याच्या हातात दिलं. “बिडी ओढत होते ना पहिले, तसं ओढा. सावकाश. मंग उशी छातीशी धरा अन् खोका.”

“मी नाई खोकत.”

“खोकल्याबिगर सुटका नाही तुमची.”

हे वाक्य ती रोजच म्हणायची आणि रोज तिला ते गूळ-खोबऱ्यासारखं लागायचं. घरात कोणाला त्याचं कारण ठाऊक नव्हतं. किशोरला वाटायचं, आई धास्तावली आहे. शेजारच्या माणिकबाईंना वाटायचं, बाई असावी तर अशी. “सावित्री हायेस तू,” त्या म्हणाल्या होत्या. कौशल्या म्हणाली, “सावित्रीनं मागून आनला होता, मी ओढून आनून राहिली.” माणिकबाई हसल्या. कौशल्या हसली नाही.

ती अंजनगाव सुर्जीची. बाप दुसऱ्यांच्या पानमळ्यात राबायचा, आई त्याच मळ्यात पानं खुडून चळती लावायची, आणि धाकटी रुख्मिणी दिवसभर कौशल्याच्या कडेवर. दोघींत अंतर मोठं होतं, इतकं की रुख्मिणी बोलायला लागली तेव्हा तिने कौशल्यालाच आधी ‘माय’ म्हटलं. त्यावरून आई रुसली होती. कौशल्याचं लग्न झालं, ती अकोल्याला डाबकी रोडवरच्या या घरात आली; नवरा एसटीत कंडक्टर, अमरावती-अकोला गाडीवर. लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं.

नत्थुजींचा आवाज दणदणीत होता. “चला, पुढं सरका” हे गाडीच्या मागच्या दारातून म्हटलं की ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत माणसं सरकायची. घरातही तोच आवाज, तोच कारभार. कोण कुठे बसेल, कोण किती वेळ बसेल, कोण कुठे उतरेल, हे त्यांनी ठरवायचं. बायकोवर त्यांनी कधी हात टाकला नाही. या गोष्टीचं त्यांचे नातेवाईक अजून कौतुक करतात. विनोद मात्र फार करायचे. लग्नाकार्यात नत्थुजी ज्या कोपऱ्यात, हशा त्या कोपऱ्यात. कौशल्या समोरच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायची आणि मशीनच्या आवाजात तो हशा ऐकत राहायची.

रुख्मिणीचा नवरा गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा ती बहिणीकडे आली. अंगावर दमा घेऊन आली. कौशल्याने तिला मधल्या खोलीत गादी टाकून दिली. रुख्मिणी उशी तोंडावर दाबून खोकायची, कोणाची झोप मोडू नये म्हणून. तरी मोडायचीच. आठवडाही झाला नव्हता, तेव्हा नत्थुजींनी जेवता जेवता सांगितलं, “मले ड्युटी हाये सकाळी. हे इंजन रातभर सुरू राहते. त्याले आपल्या डेपोत जाऊ दे.”

कौशल्या म्हणाली होती, “कुठं जाईन थे?”

“जिथून आली तिथं.”

स्टँडवर ते स्वतः सोडायला आले, मोठ्या मनाने पिशवी उचलली. अंजनगावच्या गाडीवर त्यांच्या ओळखीचा कंडक्टर होता. त्याला म्हणाले, “हे पार्सल अंजनगावले उतरव. अन् वापस घेऊन येऊ नको, बाबा.” तो हसला. नत्थुजी हसले. खिडकीत बसलेली रुख्मिणीही हसली. भाऊजी विनोद करताहेत तर हसायला हवं, एवढीच तिची समज. हसण्याने तिला ढास लागली, आणि गाडी सुटली तेव्हा ती खिडकीच्या दांडीवर डोकं टेकून खोकत होती.

इतर सगळं कौशल्याने एखाद वेळी गिळलं असतं. बहिणीचं ते हसणं तिला गिळता आलं नाही. त्या दिवशी तिने घरी येऊन भरीत केलं, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं. फक्त त्या दिवसापासून नवऱ्याच्या एकाही विनोदावर ती हसली नाही. नऊ-दहा वर्षं झाली. नत्थुजींच्या ते लक्षातही आलं नाही.

रुख्मिणी तिकडे भाड्याच्या एका खोलीत राहिली, शाळेत खिचडी शिजवायला लागली. फोनवर तिचं बोलणं तीन शब्दांत तुटायचं. “धूर... लागते वो... बाई.” कौशल्या दिवाळीला दोन दिवस जाऊन यायची. त्यापुढे काही करावं तर घर नत्थुजींचं, आवाजही त्यांचाच.

मग त्यांना धाप लागू लागली. निवृत्तीनंतरचं वजन असेल, असं म्हणता म्हणता देवळाच्या चार पायऱ्या चढवेनात. अमरावतीला नेलं, तर हृदयाची एक झडप निकामी निघाली. ती बदलायचं ऑपरेशन ठरलं. ते टेबलावर होते तेव्हा सगळे नातेवाईक दवाखान्यात बाकांवर बसले होते. कौशल्या रिक्षा करून अंबादेवीला गेली. लोकांना वाटलं, कुंकवासाठी गेली. ती देवीसमोर उभी राहून म्हणाली, “याले वापस दे. माहं काम राहिलं हाये.”

तिला खरंच भीती वाटत होती. माणूस मेला की चांगला होतो. फोटोला हार पडला असता, तेराव्याला सगळे म्हणाले असते, किती हसवायचे हो नत्थुभाऊ. मग भिंतीवरच्या फोटोचं ती काय करणार होती? तिला तो जिता हवा होता, दोन्ही कान शाबूत असलेला.

नत्थुजी वाचले. श्वासाचे व्यायाम शिकवायला दामिनी नावाची मुलगी वॉर्डात यायची. ताठ बसायचं, नळी ओठांत धरून हळूहळू हवा आत ओढायची, चेंडू वर गेला की तसाच धरायचा. मग उशी छातीशी आवळून खोकायचं.

“काकू, दुखतं म्हणून पेशंट खोकत नाहीत,” ती म्हणाली. “कफ आत साचला की न्यूमोनिया होतो. तुम्ही यांना खोकायला लावायचं.”

“म्हंजे खोकनं चांगलं?” कौशल्याने विचारलं.

“आता खोकणं हेच औषध.”

“यायले सांगा. यायच्या तोंडासमोर सांगा.”

दामिनीने नत्थुजींना मोठ्याने सांगितलं. कौशल्याने ते प्रसादासारखं ओंजळीत घेतलं.

अमरावतीत नत्थुजी दोन चेंडू उचलायचे. अकोल्याला आल्यावर त्यांची गादी मधल्या खोलीत पडली, कारण संडास तिथून जवळ. चार दिवसांनी कौशल्याने विषय काढला. रुख्मिणीची शाळेतली चूल आता तिला झेपत नाही, तिला इकडे आणावं.

“मी बिमार,” नत्थुजी म्हणाले. “नव्या वॉलले जंतू लागले तं?”

किशोर बापाच्या बाजूने बोलला, पण वाईट बोलला नाही. “आई, डॉक्टरच म्हणाले, खोकला-सर्दीवाले लांब ठेवा. बाबा एकदा धडधाकट होऊ दे, मग मावशीचं बघू.”

धडधाकट होऊ दे. नत्थुजींनी तो शब्द पक्का धरला. दुसऱ्या दिवसापासून एकही चेंडू उठेना. दोन शब्द बोलले की थांबायचे, डोळे मिटायचे. वजन वाढत होतं, रंग परतला होता, संडासला एकटे जात होते. धाप तेवढी कोणी समोर आलं की लागायची. कौशल्या ओळखून होती. आपल्याला बरं व्हायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, आणि यांना बरं केल्याशिवाय सोडायचं नाही हे तिने.

मग तिने कसर ठेवली नाही. अळणी वरण, मोजकी पालेभाजी, गोळ्या वेळच्या वेळी, गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. आणि खोकणं. जुने कंडक्टर भेटायला आले, संत्र्याची पिशवी टेकवून खुर्च्यांवर बसले, नत्थुजींनी क्षीण आवाजात काहीतरी गमतीचं सुरू केलं, की ती उशी घेऊन आत यायची. “थांबा भाऊ, यायचं खोकाचं राहिलं हाये. मंग चाय ठेवते.”

“आता? या लोकायसमोर?”

“लोकं घरचेच हायेत. धरा उशी.”

नत्थुजी उशी धरून खोकायचे, डोळ्यांत पाणी यायचं, जुने कंडक्टर फरशीकडे बघत बसायचे. विनोद अर्ध्यातच राहायचा. ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणायची, “रुख्मीचा असाच आवाज होता. ऐकून ठेवा.”

सून करिश्मा एकदा भीतभीत म्हणाली, “आई, बाबांना लागते हो तुमचं बोलणं.”

“लागू दे. बोलनं लागलं तं टाके नाही तुटत.”

तपासणीला पुन्हा अमरावतीला गेले. डॉक्टरांनी फोटो बघितला, छाती ऐकली, रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस बदलला आणि म्हणाले, छान आहे. नत्थुजी म्हणाले, “पन... बोलताना... दम...” डॉक्टरांनी पुन्हा छाती ऐकली. त्यांना काही सापडलं नाही.

कौशल्याने विचारलं, “डॉक्टरसाहेब, दम्यावाला मानूस घरात राहिला तं यायले चालते का?”

“दमा काही लागत नाही कोणाला. ताप, सर्दी असेल तर लांब राहा. दम्याचं काय.”

नत्थुजी खिडकीबाहेर बघू लागले. दामिनीने तीन चेंडू पुढे केले. त्यांनी नळीत फुंकर मारली. ती म्हणाली, “काकांचं बोलणं अजून तुटतं आहे, काकू. एक लांबलचक वाक्य न थांबता बोलले ना, की समजा फुप्फुस उघडलं. तोवर चालू ठेवा.”

येताना बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. आयुष्यभर ज्या रस्त्यावर तिकिटं फाडली, त्या रस्त्यावर नत्थुजी खिडकीला टेकून झोपल्यासारखे बसले होते. कौशल्या त्यांच्या पापण्या बघत होती. पापण्या हलत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. किशोर नुकताच आला होता. आत कौशल्या करिश्माला सांगत होती, मोठ्यानेच, “मधल्या खोलीतलं कपाट रिकामं कर. खालचा कप्पा पूर्ण. अन् थे जुनी वाकळ उन्हात टाकली होती, थे आन. रुख्मीले जाड पांघरून लागते.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नत्थुजी आले, भिंतीचा आधार न घेता आले, आणि मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“या घरात थे खोकलनारी बाई पाय ठेवनार नाही, सांगून ठेवतो, छप्पर माहं हाये, दार माहं हाये, अन् रातभर कोनाचं खो-खो आयकाले मी मरनाच्या दाढेतून वापस आलो नाही, समजलं का तुमाले साऱ्यायले.”

आवाज गल्लीपर्यंत गेला. माणिकबाईंनी टीव्ही बारीक केला. किशोरच्या हातात पाण्याचा ग्लास तसाच राहिला. कपाटाशी वाकलेली करिश्मा सरळ झाली आणि आधी तिच्याच ध्यानात आलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही मधे थांबलेच नाही.”

नत्थुजींनी बायकोकडे पाहिलं. मग हात छातीवर नेला. “मले... धाप...”

“आता नको,” कौशल्या म्हणाली.

किशोर बापाकडे बघत राहिला. मग त्याने ग्लास खाली ठेवला. नत्थुजींनी हात छातीवरून काढला. ठेवून उपयोग नव्हता, आणि काढल्यावर त्याचं काय करावं हेही त्यांना सुचेना.

कौशल्याने पलंगावरची उशी उचलून झटकली. तिचा आवाज चढला नाही. भाजीला मीठ किती घालायचं हे सांगावं तशी ती बोलली.

“तुमी बरे झाले. उद्या सकाळच्या अकोटच्या गाडीनं मी जाते, तिथून अंजनगाव, अन् परवा रुख्मिणीले घेऊन येते. थे या मधल्या खोलीत राहीन, कायमची. तुमची गादी भिंतीपलीकडं, समोरच्या खोलीत. किशोर, तू आत्ताच खाट हलव. करिश्मा, दोन दिवस सैपाक तुह्याकडं.”