अळणी रस्सा

"नवं म्हनू नका. आधी जुनं न्हाई हे दाखवा."

आमच्या नगरच्या शाळेतले सायन्स मास्तर हे वाक्य कुणालाही ऐकवायचे. शिंप्याला, नव्या सुनेचं कौतुक सांगणाऱ्या शेजाऱ्याला, नव्या हेडमास्तरांना तर तोंडावर. सत्तेचाळीस साली मैदानात झेंडा चढत होता, तेव्हाही ते माझ्या कानाशी हेच पुटपुटले. मी इतिहास शिकवणारा; मला हसू आवरेना, आणि हेडमास्तरांनी डोळे वटारले ते माझ्यावर.

राहुरीकडचा हा गडी लढाईच्या काळात मुंबईला लष्कराच्या प्रयोगशाळेत होता. परतताना लोकांनी रेडिओ आणले, याने समुद्राच्या तळाचा गाळ आणला. तोही बायकोच्या लोणच्याच्या बरणीत.

त्या गाळातून मास्तरांनी चायना ग्रासच्या जेलीवर केशरी ठिपके वाढवले. एकेका ठिपक्यात लाखो जंतू, असं ते सांगत. मग जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून महिनोन्‌महिने जुळवाजुळव. आकार कसा, शेपट्या किती, कुठली साखर खातो. मुलीला स्थळ बघतानाही कुणी इतकी चौकशी करत नाही. अखेर एका जुन्या जातीशी सगळं जुळलं, फरक एकच उरला. जुनी जात मिठाशिवायही वाढते; आपला जंतू मिठावाचून वाढणार नाही, असं मास्तरांचं म्हणणं. ते खरं ठरलं की जात नवी, आणि नाव ठेवायचा हक्क त्यांचा.

नाव ठरलंही होतं. बायकोचं.

"जंतूला?" मी म्हणालो.

"मग काय, तिच्या नावानं धरण बांधू?"

जंतूच्या परीक्षेसाठी मटणाचा अळणी रस्सा हवा होता. शाळेत शेगडी नव्हती. रविवारी चर्चहून आल्यावर वहिनी तो शिजवत आणि गाळून बाटलीत भरून देत. "शाळेला पाहिजे, मीठ घालू नको," एवढंच मास्तर बजावत. जास्त सांगितलं असतं तर नावाची मजा गेली असती.

जंतू त्या रश्श्यात वाढला. दुसऱ्या रविवारच्या रश्श्यातही वाढला. तिसऱ्या वेळीही नळी गढूळ झाली, तेव्हा मास्तरांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'जुनी जात'. नळ्या उकळून टाकल्या, बरणी घासून घरी नेली. पुढचा आठवडाभर त्यांनी हेडमास्तरांनाही काही ऐकवलं नाही. मला फार वाईट वाटलं.

दोन वर्षांनी मास्तर तापाने गेले. दफनानंतर चार दिवसांनी मी घरी गेलो. वहिनींनी चहा दिला, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता त्या थांबल्या.

"एक इचारू का भावजी? त्यो शाळंचा रस्सा न्यायचे ना हे, पोरांनी अळनी कसा प्यायचा म्हनून मी मीठ टाकीत हुते. लई न्हाई, चवीपुरतं. त्यांचं काय बिघडलं तर न्हाई ना?"

"काही नाही बिघडलं, वहिनी," मी म्हणालो.

जंतूचं नाव काय ठरलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.