मावशींच्या पूर्ण बाह्या

‘मावशींनी क्रीमची गोष्ट लपवली,’ असं टेक्सासमधल्या अर्विंग गावची आमची मराठी मंडळी सांगतात. साफ खोटं! मुलं सांभाळणाऱ्या या माझ्या शेजारीणबाई प्रत्येकाला ‘राजा’ म्हणत, आपल्या दंडावर डोकं घेऊन निजवत. त्यांतल्या सहा वर्षांच्या मुलीची छाती वाढू लागली. हाताच्या एक्स-रेत हाडं नऊ वर्षांच्या मुलीसारखी दिसली. सर्वांनी दूध-चिकनला दोष दिला. कारण निघालं मावशींचं क्रीम: पाळी गेल्यानंतर त्या दंडाला चोळत ते हार्मोनचं क्रीम निजताना मुलीच्या कातडीला लागत होतं.

आता टेक्सासच्या उन्हातही त्या पूर्ण बाह्या घालतात. मुलगी ‘मावशी, होल्ड मी’ म्हणते. ‘नको, राजा,’ म्हणत त्या हात पाठीमागे नेतात.

लपवली म्हणे! क्रीमसोबतचा कागद त्यांनी भिंगातून वाचला, मला गाडी काढायला लावली, आणि कोणी विचारण्याआधी ती ट्यूब मुलीच्या डॉक्टरांच्या टेबलावर स्वतःच्या हातानं ठेवली.