चढाईला आवाज लागतो

मोठ्या भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. हात माखलेले म्हणून फोन स्पीकरवर टाकला, आणि ‘मंदा गेली गं’ हे सगळ्या स्वयंपाकघराने ऐकलं. मंदा म्हणजे माझी थोरली जाऊ. आदल्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये मी तिच्याशी भांडून आले होते... भांडण नेहमीचंच. ती म्हणत होती, मे महिन्यातलं मुलींचं शिबिर यंदा तू घे. मी म्हणत होते, मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही, तू बरी हो आणि तूच घे. पोटाच्या कॅन्सरने तिचा पार पाचोळा केला होता, पण जीभ शाबूत होती. “तुला कळायची गरज नाही शुभा, तुझा आवाज मोठा आहे, तेवढा पुरे,” असं म्हणाली. मी रागाने दार आपटायला गेले तर ते हॉस्पिटलचं दार, आपटतच नाही, आपलं सावकाश मिटतं. ते बघून ती हसली. तेच शेवटचं.

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी तिला ‘अहो वहिनी’ म्हणत होते. मग एका गणपतीत मोदकांच्या उकडीवरून कडाक्याचं वाजलं आणि त्या तिरीमिरीत मी ‘तू’वर आले, ती कायमचीच. तिचं माहेर मालवणकडचं, वडील गिरणीत, बालपण लालबागला. गल्लीतल्या क्रीडा मंडळाकडून ती कबड्डी खेळायची आणि चढाईला गेली की पलीकडच्या चाळीत आवाज जायचा, असं तिचे भाऊ अजून सांगतात. मुलुंडला आमच्या घरी सून म्हणून आल्यावर खेळ थांबला. कुणी बंद कर म्हटलं नाही, कुणी खेळ असंही म्हटलं नाही... आपल्याकडे बायकांच्या बऱ्याच गोष्टी अशाच सुटतात. पुढे भांडुपच्या एका मराठी शाळेत ती पीटीची बाई झाली आणि मुलींना खेळवून तिने आपली भूक भागवली. वर्गांतली मुलं कमी होत गेली, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि पन्नाशी उलटता उलटता वहिनी घरी बसली. घरी बसलेली वहिनी म्हणजे सगळ्यांनाच वैताग. माझ्या घरी येऊन माझे डबे लावायची, तेही तिच्या पद्धतीने.

अशात तिच्या जुन्या विद्यार्थिनीचा, तेजश्रीचा, फोन आला. ती एका संस्थेसाठी किर्गिझस्तानात काम करत होती. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी उन्हाळ्यात शिबिर असतं, मुलींनी धीट व्हावं, स्वतःच्या मनातलं बोलावं म्हणून. त्याला समुपदेशक म्हणून स्वयंसेवक बायका हव्या होत्या. म्हणजे एकेका तंबूची ताई: मुलींना उठवायचं, जेवायला न्यायचं, रडली तर जवळ घ्यायचं. “बाई, तुम्ही याच,” असं तेजश्री म्हणाली. घरात त्या देशाचं नाव कुणाला धड उच्चारता येईना. भाऊजी म्हणाले, “या वयात परक्या मुलखात तंबूत झोपणार? आधी गुडघे बघ स्वतःचे.” चिडली की वहिनी मालवणीवर यायची. “बरां तर, गुडघे हंयच ठेवन जातंय,” म्हणाली आणि बॅग काढली. कोकमं आणि मालवणी मसाला मी भरून दिला.

तिथे गेल्यावर पहिले काही दिवस तिचा फोन आला की आवाज पडलेला. जागा स्वर्गासारखी, मोठं तळं, मागे बर्फाचे डोंगर, लोकरीचे गोल तंबू, पण ती म्हणायची, “शुभा, पोरी तोंडच उघडत नाहीत गं.” सकाळी सगळ्यांना गोलात बसवायचे, रंगीत कागद वाटायचे आणि विचारायचे, तुझं स्वप्न काय. पोरी नखं बघत बसायच्या. आमच्या वहिनीचं इंग्रजी आधीच मनातल्या मनात मराठीतून येणारं, त्याचं पुढे किर्गिझ करणार दुभाषी मुलगी. धीराचे चार शब्द बोलावेत तर ते दोन उंबरे ओलांडेपर्यंत थंड व्हायचे. शेवटी एका दुपारी तिने कागद गुंडाळून ठेवले, हिरवळीवर टाचेने रेघ मारली आणि म्हणाली, उठा.

आता गंमत बघा. मैदानात उतरताना वाकून जमिनीला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा ही तिची लालबागची सवय. तिने तसं केलं, तर समोरच्या सगळ्या पोरींनी तसंच केलं. त्यांना वाटलं, हा खेळाचा नियम. दुसऱ्या दिवसापासून जी नमस्कार विसरेल तिला त्या आपसांतच बाद ठरवू लागल्या! वहिनीने समजावायला दुभाषी मुलीला हाक मारली आणि मग थांबली. “म्हटलं राहू दे. आमच्या नियमापेक्षा हा बरा.” हे सांगताना ती इतकी हसायची की तव्यावरची पोळी करपायची.

तिच्या तंबूत आयगुल नावाची मुलगी होती. वडील तापट, घरात बहुतेक बोलणं त्यांचंच. ही पायाने वाऱ्यासारखी, पण तोंडाने मुकी. चढाईला जायची, गडी टिपून परतही यायची, पण ‘कबड्डी’ काही म्हणायची नाही. आणि कबड्डीत तर तेच मुख्य. एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत जायचं आणि ते पंचाला ऐकू गेलं पाहिजे. नाही गेलं तर चढाई फुकट, पंच परत पाठवतो आणि गुण समोरच्यांना. वहिनी दर वेळी शिट्टी मारायची आणि तिला परत पाठवायची. आयगुलच्या संघातल्या पोरी वैतागल्या. शिबिराची प्रमुख, एक तरुण परदेशी बाई, वहिनीला बाजूला घेऊन म्हणाली की या मुलीला जबरदस्ती नको, तिला सूट द्या, ती आधीच घाबरलेली आहे. वहिनी मला म्हणाली, “मी तिला सांगितलं, घाबरलेली आहे म्हणूनच सूट नाही. सगळ्यांनी या पोरीला सूटच दिलीय आजवर, कुणी ऐकायला थांबलंच नाही.” त्या बाईला हे पटलं नाही. वहिनीलाही मनातून धाकधूक होतीच. परक्या देशात परक्याच्या पोरीला आपण छळतोय की काय, असं तिने मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, वहिनी, तुला काय वाटतं ते कर, तू तसंही तेच करणारेस.

मग तिने एक केलं. शिट्टी खिशात ठेवली आणि रेघेपाशी आयगुलच्या अगदी शेजारी उभी राहिली. छातीवर हात ठेवून म्हणाली, “दम. दम घे.” पोरीने चमकून बघितलं. त्यांच्या भाषेत श्वासाला ‘देम’ म्हणतात. मुंबईहून गेलेल्या या बाईच्या तोंडून आपला शब्द आला, असं तिला वाटलं असेल... त्या दिवशी तिचा आवाज फुटला. बारीक, घोगरा, पण पंचाला ऐकू जाईल एवढा. सगळ्यांनी मिळून तिला पकडलं, ती बाद झाली, आणि पोरींच्या ढिगाखाली अडकलेली असतानाही ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणतच होती. चढाई संपल्याचं तिला भानच नव्हतं. तेजश्रीने काढलेला तो व्हिडिओ आमच्या साऱ्या नातेवाइकांनी इतक्यांदा बघितलाय की भाऊजी तो लागला की उठून गॅलरीत जायचे.

परत आली ती वेगळीच. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या सोसायटीमागे जाळीचं कुंपण असलेलं एक मैदान आहे, तिथे तिने पुढच्याच मे महिन्यात शिबिर सुरू केलं. चाळीतल्या पोरी, टॉवरमधल्या पोरी, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांच्या पोरी, सगळ्या एकाच रेघेवर. टॉवरमधल्या एका आईने विचारलं, “सर्टिफिकेट मिळणार ना?” वहिनी म्हणाली, “नाही. गुडघे फुटतील, ते घेऊन जा.” तरी ती पोर आली, आणि पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीलाही घेऊन आली.

तेरावा झाला आणि मी घरात विषय काढला. भाऊजी म्हणाले, “यंदा नको. वर्ष पाळायचं असतं. सणवार नाहीत, समारंभ नाहीत, मग शिबिर कसलं?” माझ्या नवऱ्याने पेपरात तोंड खुपसलं. मी म्हटलं, “भाऊजी, हा समारंभ नाही. आणि एक वर्ष गेलं की पोरी क्लासला लागतात, मैदानावर गाड्या लागतात. मग कुणाला बोलावणार?” भाऊजी खाली बघत म्हणाले, “शुभा, तुला खरं सांगू? ते मैदान मला तिच्याशिवाय बघवणार नाही.” मला रडू आलं. पण मी हट्टाने म्हटलं, “तुम्ही येऊ नका. मी घेणार.” आणि माझ्याकडून होईल की नाही याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

पहिल्या सकाळी उन्हं वर यायच्या आत पोरी जमल्या. दरवर्षीपेक्षा कमी, पण जमल्या. सोसायटीचे अध्यक्षही आले, चांगला माणूस, आणि म्हणाले, “आधी मंदाताईंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या.” सगळ्या पोरींनी माना खाली घातल्या. एकीला हुंदका आला, मग दुसरीला. मी त्या वाकलेल्या माना बघत होते. हे मैदान, आणि इथे सगळ्या गप्प? मला ते सहन होईना. दोन मिनिटं व्हायच्या आतच मी शिट्टी फुंकली. अध्यक्ष दचकले. मी म्हटलं, “माफ करा साहेब, पण वहिनी अशा चढाईला गुण देत नसे. चला गं, रेघेवर!”

पहिली चढाई चाळीतल्या एका चिमुरडीची. रडून तिचा गळा बसलेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी शिट्टी तोंडाशी नेली, पण फुंकली नाही. आजच्या दिवशी हिला परत कसं पाठवायचं... तेवढ्यात मागून, मैदानाच्या कुंपणाबाहेरून, कुणीतरी खणखणीत ओरडलं.

“ऐकू येत नाही गं! मोठ्याने म्हण!”

मोठे भाऊजी होते. घरच्याच चपला, दाढी न केलेली, कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. पोरीने त्यांच्याकडे बघितलं, छातीभर दम घेतला आणि म्हणायला लागली.