अण्णांची सात मिनिटं

पंचाने घड्याळअण्णांना फसवलं. एकदा त्यांचं घड्याळ मानलं, आणि पुढच्या वर्षी तेच घड्याळ खोटं ठरवलं.

अण्णा मूळचे गडहिंग्लजचे. आमच्या मंगळवार पेठेत घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून घड्याळअण्णा. आमच्या संघाचा फुटबॉल सामना असला की दुकान बंद, गळ्यात स्टॉपवॉच आणि अण्णा रेषेलगत उभे. खेळाडू पाय धरून पडला, चेंडू प्रेक्षकांनी दाबून ठेवला, की बटण दाबलंच. शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकवायचे, "पावणं, खेळ थांबला की वेळबी थांबतोय!"

नव्वदच्या दशकातली ती उपांत्य फेरी. आम्ही एका गोलने पुढे. चेंडू गॅलरीत आला की आम्ही तो बुडाखाली घेऊन बसायचो. त्यात मीही होतो. तेव्हा वाढीव वेळेचा फलक नव्हता. पंच रेषेपाशी आला, "अण्णा, किती वाया गेली?"

"सहा मिनिटं. आमच्याच पोरांनी खाल्ली."

पंचाने सहा दिली. त्यातल्या पाचव्या मिनिटाला बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. पेठ महिनाभर अण्णांशी बोलली नाही. मी तर दुकानासमोर उभा राहून शिव्या घातल्या. डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणाले, "दमलास की च्या पी. पर सहाच व्हती."

पुढच्या वर्षी अंतिम सामना. तोच पंच, आणि या वेळी आम्ही मागे. समोरचा गोलकीपर तीनदा आडवा झाला, चेंडू त्यांच्या माणसांत गडप झाला. अण्णांनी सात मिनिटं सांगितली. पंच म्हणाला, "दोन."

मी जुन्या मोटारसायकलींचे सौदे करणारा माणूस. लगेच म्हणालो, "साहेब, सात ऱ्हाऊ द्या, चार तरी द्या की!"

अण्णा माझ्यावरच उखडले, "गाडी इकतोयस व्हय रं? सात म्हंजे सात!"

पंच हसला. "अण्णा, तुमचं घड्याळ तुमच्या पेठेचं हाय."

दोन मिनिटांत शिट्टी वाजली. हरल्याचं अण्णांना काहीच नव्हतं. "माझं घड्याळ पेठेचं?" एवढंच घरी पोचेपर्यंत पुटपुटत होते. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. सामन्याच्या दिवशीही दुकान उघडं असायचं. मी हाताला धरून ओढलं तरी उठले नाहीत.

काही वर्षांनी अण्णा गेले. शोकसभेला तोच पंच हार घेऊन आला आणि माईकवर म्हणाला, "अण्णांसारखा सच्चा माणूस मैदानाने पाहिला नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझं मात्र डोकं फिरलं. मी उठलोच होतो, शेजारच्यांनी धरलं म्हणून खाली बसलो.

पंचसाहेब, अण्णा सच्चे होते हे तुम्ही चारचौघांत बोललात. मग सात मिनिटांची दोन का केलीत, तेही चारचौघांतच सांगा. मी पेठेतच असतो. या.