उकेबाबूंची सही

उकेबाबू गेल्याचा फोन त्यांच्या मेहुण्यांनी, नरेशभाऊंनी केला. "भाऊजी गेले, बाई. सकाळी चहा मागितला, दोन घोट घेतले, न् गेले." माझ्या तोंडून पटकन निघालं, "सुटले बिचारे!" फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली... पण खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच वाटलं होतं. दोन वर्षं लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. गोंदियाहून त्यांचं गाव सडक अर्जुनी ते काय लांब! तरी त्या दोन वर्षांत मी एकदाही भेटायला गेले नाही. पोरांच्या परीक्षा आहेत, ऑफिसात काम आहे, असं सांगत राहिले. खरी गोष्ट ही की तो हात तसा पडलेला बघायची माझी छाती नव्हती. फोनवर तेवढं बोलायचो. जीभ जड झाली होती, तरी बाबू आधी खोक्यांचीच चौकशी करायचे.

खोकी आमच्या कारखान्याची. कारखाना छोटाच, लाखेचा. देवरीकडच्या जंगलातून लाख यायची, ती धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे काढायचे. त्यातली थोडी स्पिरिटमध्ये विरघळवून वार्निश व्हायचं आणि काचेच्या बाटल्यांतून परदेशात व्हायोलिन बनवणाऱ्यांकडे जायचं. नुसती लाख कशीही पाठवा, कोणी विचारत नाही. पण स्पिरिट म्हणजे पेट घेणारा माल. तो विमानानं जायचा तर कागद वेगळे. दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असलेला एक फॉर्म असतो. माल कोणता, किती, कशा खोक्यात भरला, हे सगळं त्यात टाइप करायचं आणि खाली सही करायची, की हे खरं आहे आणि नियमाप्रमाणे आहे. खोटं निघालं तर सही करणाराच अडकतो. म्हणून ती सही कोणाचीही चालत नाही. मुंबईला जाऊन शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. १९९९ साली उकेबाबू ती पहिल्यांदा पास झाले. आमच्याकडे पास झाल्याचा तो कागद असलेले ते एकटेच. जन्मात विमानाची पायरी न चढलेला माणूस, पण विमानाच्या पोटात काय जाईल न् काय नाही ते हाच ठरवणार! मी चिडवायची, "बाबू, एकदा बसून तर बघा." ते म्हणायचे, "कायले? मी भरलेली खोकी जाऊन राहिली ना, बस झालं."

मी लागले २००६ साली, तीन महिने बघू म्हणून. वडील जाऊन वर्ष झालं होतं, धाकटी दोघं शाळेत, घरात पगार आणणारी मी एकटी. शेठजींचा स्वभाव असा, की माझ्या आधीच्या मुलीला एक पत्ता चुकला म्हणून त्यांनी दुपारच्या दुपारी घरी पाठवलं होतं. त्यामुळे मी आपली जीव मुठीत धरून. त्यात उकेबाबूंची शिस्त. फॉर्मवर एक अक्षर चुकलं तर खोडून बाजूला सही केलेली चालते, नियमातच आहे तसं. पण बाबू तिन्ही प्रती फर्रकन फाडायचे आणि पुन्हा टाइप करायला लावायचे. एकदा माझं डोकंच फिरलं. "एका अक्षरासाठी काय हो बाबू?" ते शांतपणे म्हणाले, "बाई, या खोक्याच्या वर माणसं बसून राहतात." पुन्हा टाइप केलं, पण मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

महिना-दीड महिना झाला असेल. चार खोकी नागपूरच्या विमानाला द्यायची होती आणि शेठजी सकाळपासून "माल निकला क्या?" करत फेऱ्या घालत होते. बाटल्यांच्या भोवती आम्ही भाजून फुलवलेले खनिजाचे हलके खडे भरायचो. बाटली फुटलीच तर ते स्पिरिट शोषून घेतात. दोन खोकी झाली आणि पोतं संपलं. पॅकिंगला जिजाबाई होती, वीस वर्षं तेच काम केलेली. ती म्हणाली, "अवं, भुसा कायले आहे? भर न्." गोंदियात पाऊल टाकाल तिथे राइस मिल, धानाच्या भुशाला काय तोटा! आमच्याकडे बांगड्या भुशात, अंडी भुशात, कपबशाही भुशातच येतात. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, काय डोकं चालवलं आपण! उरलेली दोन खोकी भुशानं गच्च भरली. एरवी बाबू चिकटपट्टी लावायच्या आधी स्वतः बघायचे. त्या दिवशी शेठजी त्यांच्या डोक्यावर उभे होते. त्यांनी टेबलावरूनच विचारलं, "भरण बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली आणि जीप निघाली.

तासाभरानं पुढच्या मालाचे कागद लावताना खोक्याच्या कंपनीनं दिलेलं पत्र हातात आलं. एरवी कोण वाचतं ते! त्यात लिहिलं होतं की खोकं ज्या भरणासकट तपासून पास झालंय त्याच भरणासकट वापरायचं, दुसरं काही चालणार नाही. भुसा तर स्वतःच पेटणारा! आणि मी बरोबर म्हटलं म्हणून त्या माणसानं हे सगळं खरं आहे असं सही करून दिलं होतं. सांगावं तर नोकरी गेली. न सांगावं तर... बहुतेक काहीच झालं नसतं, खोकी निमूट पोचली असती. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि परत फिरले. तिसऱ्यांदा गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "काऊन केलं वं असं?" आणि फोन उचलला. आमचा ड्रायव्हर सडक अर्जुनीला नरेशभाऊंच्या ढाब्यावर जेवल्याशिवाय पुढे सरकायचा नाही, आणि त्याच्या त्या तासभर चालणाऱ्या जेवणावर बाबू नेहमी चिडायचे. नरेशभाऊ म्हणाले, "आजून आला नाही." मग आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. पाऊण तासानं घंटी वाजली. "आहे आहे, खाऊन राहिला. चाबी काढून घेतली म्या." इतकं मोकळं मला पुढे माझं लग्न ठरल्यावरही वाटलं नाही.

बाबू उठले आणि सरळ शेठजींच्या केबिनमध्ये गेले. मी दाराबाहेर उभी. आतून आवाज आला, "गलती किसकी है?" आणि बाबूंचा, "सही मेरी है, सेठजी. तो गलती भी मेरी." पुढे शेठजी बराच वेळ जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबू बाहेर आले, पिशवी उचलली आणि खोकी स्वतः उघडून बघायला पुढच्या बसनं सडक अर्जुनीला गेले. जाताना म्हणाले, "घरी जा, बाई. उद्या वेळेवर या." माल दोन दिवस उशिरा गेला. पलीकडून कोणी हूं की चूं केलं नाही. पुढे त्यांनीच शेठजींच्या मागे लागून मला मुंबईला शिकायला पाठवलं. आज त्या फॉर्मवर सही मी करते, आणि ती या माणसाच्या उपकारावर करते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी सडक अर्जुनीला गेले. त्यांच्या घरी माझी ही पहिलीच खेप. बाबू आठवडाभर गोंदियाला खोली घेऊन राहायचे, त्यामुळे त्यांच्या पत्नीची, काकूंची नि माझी कधी गाठ पडली नव्हती. मी दारात नाव सांगितलं. काकूंना काही उमगलं नाही. मग कारखान्याचं नाव काढलं तशा त्या एकदम हसल्या, "अगो बाई, भुशावाली का?"

"भुशावाली?" मी विचारलं.

"आमच्या घरी तुमाले भुशावालीच म्हणतात. त्या दिवशी हे आडवारी, सुट्टी नसताना घरी आले. या दारातच बसले. सही करते तो हात पुढं धरून बघून राहिले होते, माय! म्हणाले, आज जेलातून वापस आलो समज. एका पोरीनं नोकरीची पर्वा नाही केली न् तोंडावर येऊन सांगितलं, म्हणून घरचा भात खाऊन राहिलो."

मी काकूंना सांगू लागले की नाही हो, उलटं झालं, त्यांनी मला वाचवलं... पण त्या ऐकेनात. काकूंनी माझा हात धरून आत नेलं. खिडकीपाशी बाबूंची वेताची खुर्ची होती, धुतलेली चादर घातलेली. "बसा," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवलं होतं त्यायनं, भुशावाली येईल तवा तिले माझी खुर्ची द्याल."

मी बसले.